सॉरीचा कडक उपास

क्लेमंट ऑट्रेडने भर चौकात पत्रपेटीची माफी मागितली आणि ती नेमकी त्याच्या बायकोने ऐकली. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

थॉर्नबेकच्या चौकातली ती लाल पत्रपेटी क्लेमंटच्या जन्माच्या आधीपासून तिथेच उभी आहे. तिने आजवर कुणाला धक्का मारल्याचं ऐकिवात नाही. क्लेमंटच पावाची पिशवी सांभाळत वळणावरून आला, त्याचा खांदा पेटीवर आपटला, आणि टोपीला हात लावून "सॉरी" म्हणत तो पुढे निघाला. मागून म्यूरिअल येत होती.

"क्लेमंट, ती पत्रपेटी आहे."

क्लेमंटने वळून पाहिलं. "हो की. सॉरी," तो म्हणाला. हे सॉरी म्यूरिअलला होतं.

आता यॉर्कशरमधल्या त्या गावात यात नवल वाटण्यासारखं काही नाही. तिथे माणसं दाराला, खुर्चीला आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला सॉरी म्हणतात. बसमध्ये तुम्ही एखाद्याच्या पायावर पाय दिलात तर आधी तोच सॉरी म्हणतो, कारण पाय त्याचा असतो. मग तुम्ही म्हणता, मग तो "नाही नाही, माझंच चुकलं, सॉरी" म्हणतो, आणि या दिलजमाईत दोघांचाही थांबा मागे पडतो. म्यूरिअलही याच पाण्यावर वाढलेली. पण वसंतापासून तिच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि पत्रपेटीने तिथेच बोट ठेवलं.

"अशानेच मळा गेला आपला," ती म्हणाली.

मळा म्हणजे नदीकाठची कौन्सिलच्या मालकीची जमीन. तिचे तुकडे पाडून गावकऱ्यांना भाजीपाला लावायला भाड्याने दिलेले. क्लेमंट तिथे कांदे लावायचा. नुसते कांदे नव्हेत. सप्टेंबरच्या प्रदर्शनात टेबलावर ठेवले की लहान मुलं आईच्या मागे लपावीत एवढाले कांदे. कर्जाच्या पेढीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला मिरवायला दुसरं काय असतं? त्या वसंतात कौन्सिलचे पेटिफरसाहेब मोजणीची फीत घेऊन आले. शेजारच्या रस्त्यावर गाड्या वळवायला जागा हवी, म्हणून मळ्याची वरची पट्टी घ्यायचं चाललं होतं. विरोध करायला सगळे मळेकरी फावडी घेऊन जमले. साहेबांचा पाय घेवड्याच्या वाफ्यात पडला. साहेब म्हणाले, "सॉरी." त्यावर सगळे मळेकरी एका सुरात म्हणाले, "छे छे, सॉरी, घेवडाच मध्ये आलाय." लढाई तिथेच संपली. नंतर क्लेमंटने धीर करून विचारलं, "सॉरी, पण ही पट्टी नाही घेतली तर चालणार नाही का?" साहेब म्हणाले, "सॉरी, नाही." क्लेमंट म्हणाला, "अच्छा. सॉरी."

पट्टी गेली, तिच्याबरोबर पाण्याचा नळ गेला. आता कौन्सिलला खालची पट्टीही हवी होती. त्या पट्टीत क्लेमंटचे कांदे होते आणि बांधावर फ्रँक थॅकरेचं प्लमचं झाड होतं. फ्रँक क्लेमंटचा शाळेपासूनचा दोस्त. त्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला होता, आणि भेटायला जाल तर तब्येतीचं विचारू द्यायचा नाही, झाडाचं विचारायचा. ऑगस्टच्या अखेरीला सुनावणी होती.

"तुम्ही लोकांनी माफी मागमागून जमीन देऊन टाकलीत," म्यूरिअल म्हणाली. "या वेळी निदान तू तरी तोंड आवर. पण तुला कसलं जमतंय."

क्लेमंटला दुखावणं सोपं नव्हतं, कारण दुखावल्यावर तोच सॉरी म्हणायचा. पण हे 'तुला कसलं जमतंय' वर्मी बसलं. त्याने घरी येऊन पाव टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं की सुनावणी होईपर्यंत हा शब्द तोंडातून काढणार नाही. कडक उपास. म्यूरिअल म्हणाली, "बरं. आता बाजूला हो, मला ओट्याशी जायचंय." क्लेमंट बाजूला झाला, आणि त्याचे ओठ आपोआप हलले तसे त्याने ते दातांत धरले.

माणसाने एखादी गोष्ट सोडली की ती कुठे कुठे लागत होती ते कळतं. दुसऱ्याच दिवशी क्लेमंट दुकानात चीज आणायला गेला. चीजच्या कपाटापुढे एक बाई उभी होती. एरवी "सॉरी" म्हटलं की ती बाजूला झाली असती. त्या गावात 'बाजूला व्हा' म्हणायला दुसरा शब्दच नाही. क्लेमंट मागे उभा राहिला. बाईने एक चीज उचललं, वाचलं, ठेवलं, दुसरं उचललं. क्लेमंटच्या मागे रांग लागली, कारण दोन माणसं एकामागे एक दिसली की त्या गावाला राहवत नाही. अखेर बाई वळली, आपल्यामागे एवढं गाव पाहून दचकली आणि म्हणाली, "अगं बाई, सॉरी." क्लेमंटने मान किंचित कलती केली. जन्मात प्रथमच तो शब्द त्याच्याकडे आला होता आणि त्याने तो परत केला नव्हता. तो घरी ताठ मानेने आला. चीज विसरला, पण मान ताठ होती.

शेजारच्या बार्नबी क्लेगला उपासाची बातमी कुंपणावरून कळली. बार्नबीचा तुकडा मळ्यातही क्लेमंटच्या शेजारीच, त्यामुळे त्याचा सल्ला घरी आणि शेतावर दोन्हीकडे मिळायचा.

"खोकत जा तू," बार्नबी म्हणाला. "माझा काका खोकायचा. सगळे वाट द्यायचे."

"त्यांना क्षय होता ना?"

"होता. पण वाट द्यायचे की नाही?"

क्लेमंटने दोन दिवस खोकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारणींनी दारात रश्शाची तीन भांडी आणून ठेवली आणि म्यूरिअलने खोकण्यावरही बंदी घातली.

खरा घोळ कानांनी केला. क्लेमंटला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. नीट ऐकू आलं नाही की सभ्य माणूस काय म्हणतो? तोच शब्द, फक्त शेवटी सूर वर नेऊन. 'काय?' म्हणणं क्लेमंटच्या आईने चमच्याने मारून सोडवलं होतं. मग उरलं काय, तर हसून मान डोलावणं. चर्चच्या पाद्रीणबाई, प्रुडन्स लमली, फार पुटपुटत बोलतात. रस्त्यात त्या काहीतरी बोलल्या, क्लेमंटने मान डोलावली. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या, त्याने जास्त डोलावली. बाईंनी त्याचा हात हातात घेऊन "फार उपकार झाले" म्हटलं, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. संध्याकाळी बाई मुलीकडे सुट्टीला निघून गेल्या आणि त्यांचे दोन पाळीव हंस, ज्यांना जगात कुणीच आवडत नाही, क्लेमंटच्या अंगणात आले.

"हे काय?" म्यूरिअलने विचारलं.

"मी हो म्हटलं असावं," क्लेमंट म्हणाला.

हंस दोन दिवस अंगणात राहिले. तिसऱ्या दिवशी क्लेमंटने त्यांना नदी दाखवावी म्हणून मळ्यावर नेलं. त्यांनी नदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. क्लेमंट कांद्यांना पाणी घालेपर्यंत त्यांनी बार्नबीचा सॅलडचा वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ केला. बार्नबी आला तेव्हा मातीतून फक्त नावाच्या पाट्या वर आलेल्या होत्या.

बार्नबीने एक पाटी उपटून वाचली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "चल, म्हण."

क्लेमंटने हंसांना मागे ओढलं.

"एकच शब्द आहे, क्लेमंट. पत्रपेटीला म्हणतोस. मी शेजारी आहे तुझा."

क्लेमंटचा चेहरा लाल झाला. हा शब्द खरोखर द्यायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. पण कुठे सूट द्यायची आणि कुठे नाही, हे एकदा ठरवू लागलं की उपास कसला? त्याने फावडं घेतलं आणि बार्नबीचा वाफा खणायला लागला. सबंध वाफा खणला, शेणखत घातलं, आपल्या तुकड्यातली सॅलडची सगळी रोपं उपटून ओळीने तिथे लावली, नदीवरून बादल्या आणून पाणी दिलं. बार्नबी उलट्या बादलीवर बसून चहा पीत पाहत होता.

"सॉरी स्वस्तात पडलं असतं रे," तो शेवटी म्हणाला. पण थर्मासातला उरलेला चहा त्याने क्लेमंटला दिला, आणि तो चहा बार्नबी घरातल्यांनाही देत नाही.

हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली. क्लेमंट ऑट्रेड कुणाला सॉरी म्हणत नाही. कुणी म्हणालं, त्याला ऑस्ट्रेलियातल्या मावशीची इस्टेट मिळाली. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. दारूच्या दुकानातला माणूस म्हणाला, निवडणुकीला उभा राहतोय, आत्तापासून सवय करतोय. रस्त्यात लोक त्याला वाट देऊ लागले. म्यूरिअलला प्रथम लाज वाटली; पण खाटिकाने तिला न मागता चांगला तुकडा काढून दिला तेव्हा लाज जरा कमी झाली.

त्यात मळेकरी मंडळाची बैठक आली. कौन्सिलचा नियम असा, की सुनावणीत बोलायला मंडळाने ठराव करून एक अधिकृत प्रवक्ता द्यावा, ठरावाला अनुमोदक असावा, आणि अनुमोदक प्रवक्त्याचा शेजारी नसावा. शेवटची अट कुणी आणि का घातली हे कौन्सिललाही माहीत नाही. त्यामुळे कुणाचंही नाव निघण्याआधीच अर्धी संध्याकाळ कोण कुणाचा शेजारी यावर गेली. मळ्यात शेवटी सगळेच सगळ्यांचे शेजारी. नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्याला घरून उठवून आणावं लागलं.

"क्लेमंटचं नाव मांडतो," चिटणीस म्हणाला. "तो हल्ली कुणापुढे झुकत नाही. कुणाची हरकत?"

क्लेमंटची होती. त्याची इतकी हरकत होती की तो अर्धा उठला. पण त्या गावात बैठकीत कुणाचं बोलणं तोडायचं तर एकाच शब्दाने तोडता येतं. क्लेमंटने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि खाली बसला.

"आभारसुद्धा मानत नाही बघा," चिटणीस कौतुकाने म्हणाला. "एकमताने मंजूर."

आणि त्याच आठवड्यात फ्रँक गेला.

म्यूरिअलने सकाळी क्लेमंटचा काळा कोट काढून ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, मयताला सूट आहे. मी देते. एनिडला काय म्हणायचं ते म्हण, मी मोजणार नाही." क्लेमंटने मान डोलावली. चर्चच्या दारात फ्रँकची बायको एनिड उभी होती, आणि माणसं रांगेने तिचा हात हातात घेऊन तोच शब्द म्हणत पुढे जात होती. रांग पुढे सरकली तसा क्लेमंटने शब्द जिभेवर आणून ठेवला. पण समोर एनिडचा चेहरा आला आणि त्याला एकदम ती लाल पत्रपेटी आठवली. दुकानाची दारं आठवली, बसमधले पाय, घेवडा, पेटिफरसाहेब. जन्मभर ज्याला-त्याला वाटत सुटलेला शब्द. तो फ्रँकसाठी कसा द्यायचा? क्लेमंटला रडू येऊ लागलं. शब्द काही येईना.

"फ्रँककडे माझं फावडं आहे," तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. "केव्हा नेलं ते मलाही आठवत नाही. आणि त्याचे प्लम तो सांगायचा तेवढे गोड नव्हते, एनिड. कधीच नव्हते."

मागची रांग गोठली. म्यूरिअलने डोळे मिटले. एनिड हसली. चर्चच्या दारात, काळ्या कपड्यांत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आंबट असायचे," ती म्हणाली. "मी साखर घालून खायचे, त्याला न सांगता."

सुनावणीच्या दिवशी चर्चच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत एनिड बसली होती, मांडीवर क्लेमंटचं फावडं, धुऊन पुसून चकचकीत केलेलं. तिच्या शेजारी म्यूरिअल, म्यूरिअलच्या शेजारी बार्नबी. पेटिफरसाहेब टेबलामागे नकाशा पसरून बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्याला एक पद्धत सापडली होती आणि ती आजवर प्रत्येक गावात चालली होती, एवढंच.

"आधी सॉरी म्हणतो," साहेबांनी सुरुवात केली. "तुम्हा सगळ्यांना कामधंदा सोडून यावं लागलं."

सभागृहातून 'छे छे' निघणारच होतं. बार्नबीचं तर तोंडही उघडलं होतं. म्यूरिअलने शांतपणे त्यात टॉफी कोंबली.

"मंडळाचे प्रवक्ते?" साहेबांनी विचारलं.

क्लेमंट उठला. भाषण त्याला पाठ होतं. आठवडाभर तो कांद्यांना म्हणून दाखवत होता. नळ गेल्याचं होतं, बादल्यांचं होतं, फ्रँकच्या झाडाचं होतं. पण उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की भाषणाचं पहिलंच वाक्य 'सॉरी, पण' असं सुरू होतं. त्याने दुसरं वाक्य आठवलं. तेही तसंच. कारकुनाने जन्मभर ज्या दाराने खोलीत शिरायचं ते दारच बंद, आणि दुसऱ्या दाराची सवय नाही. तो पेटिफरसाहेबांकडे पाहत नुसता उभा राहिला.

शांतता पसरली. आता या लोकांना थंडी चालते, बेचव जेवण चालतं, पाऊस तर आवडतो म्हणतात. पण चार माणसांतली शांतता त्यांना सोसत नाही. साहेबांनी कागद सारखे केले. चष्मा काढून पुसला. क्लेमंट पाहत होता. घामाने त्याची कॉलर भिजली होती, पण ती कोटाच्या आत होती.

"सॉरी, आपल्याला काही म्हणायचंय का?" साहेब म्हणाले.

क्लेमंट पाहत राहिला.

"म्हणजे, नळाचं जरा चुकलंच. त्याबद्दल सॉरी. तो परत बसवता येईल."

एनिडने फावडं या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. बाकी कुणी हललं नाही.

"आणि प्लमचं झाड," साहेबांचा आवाज जरा बारीक झाला, "मला कल्पना नव्हती, म्हणजे आत्ताच दारात कळलं. सॉरी." त्यांनी नकाशा उलटा केला, सुलटा केला. "खरं सांगायचं तर गाड्या वळवायला आमच्या गोदामामागेही जागा आहे. तिथे जुनी कपाटं ठेवलीयत फक्त. ती हलवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मग इकडे... सॉरी. तुमची पट्टी राहू द्या. मी तसं लिहून देतो. सॉरी हं."

क्लेमंट खाली बसला. टाळ्या इतक्या जोरात झाल्या की बार्नबीने टॉफी गिळली. चिटणीस पुढे येऊन म्हणाला, "काय धोरण, काय धोरण. एक शब्द वाया घालवला नाही." क्लेमंटने खुलासा केला नाही. माणसाने सत्याला जपावं, पण सत्याने विचारलं तर.

लोक पांगल्यावर तो एनिडबरोबर मळ्यावर गेला. म्यूरिअल नदीच्या फाटकाशी थांबली. झाडाखाली प्लम पडले होते, कुणी उचलले नव्हते. एनिडने एक उचलून पदरासारख्या धरलेल्या स्कार्फला पुसला आणि त्याच्या हातात दिला. क्लेमंटने खाल्ला. आंबट होता. उपास सुनावणीपर्यंतचाच होता, तो सुटला होता. महिनाभर कुणालाही न दिलेला शब्द त्याच्यापाशी शिल्लक होता.

"सॉरी, एनिड," तो म्हणाला. "तो गेला त्याचं फार वाईट वाटतं मला."

एनिडने मान हलवली. तिने त्याचा हात धरला. मग तिने फावडं त्याला परत दिलं.

घरी जाताना म्यूरिअलने त्याच्या हातात हात घातला. हे ती एरवी फक्त बर्फात करते. "मी म्हटलं होतं तुला जमणार नाही," ती म्हणाली. "जमलं हं तुला." एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने हे वाक्य फार वेळा ऐकलं नव्हतं. क्लेमंटची छाती इतकी पुढे आली की चौकाच्या वळणावर त्याला समोरचं दिसलं नाही, आणि त्याचा खांदा धाडकन पत्रपेटीवर आपटला.

म्यूरिअल थांबली. क्लेमंटही थांबला. त्याने खांदा चोळला, फावडं सावरलं आणि पत्रपेटीकडे पाहत वाट पाहिली. पत्रपेटी काही बोलली नाही.

"असू दे," क्लेमंट मोठ्या मनाने तिला म्हणाला, आणि बायकोला घेऊन पुढे निघाला.